मुरगावची न झालेली लढाई

शिरोड्याहून रेडीमार्गे दक्षिणेला गेलं की रस्ता संपतो तिथे तेरेखोलचा किल्ला उभा आहे. किल्ला गोव्याचा, पण नदीच्या अलीकडचा. नकाशात तेरेखोल नदी गोव्याची उत्तर सीमा म्हणून दिसते. हा एवढा कोपरा मात्र आपल्याच काठावर आहे. वाडीच्या सावंतांनी बांधलेला हा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी जिंकला. १७८८ मध्ये नदीपलीकडचा पेडणे महालही सावंतांच्या हातून त्यांच्याकडे गेला. त्यामुळे वेंगुर्ले तालुक्यातल्या आमच्या शिरोड्याला, रेडीला आणि शेजारच्या आरोंद्याला परकं राज्य म्हणजे सातासमुद्रापलीकडची गोष्ट नव्हती. लेक दिलेली पेडण्यात, मामाचं घर आरोंद्यात, आणि मध्ये होडीने पार करायची खाडी. ज्या गावाने १९३० च्या मे महिन्यात मिठागरांवर सत्याग्रह करून इंग्रजांचा कायदा मोडला, त्या गावाला १९४७ नंतरही पुढची चौदा वर्षं दोन-तीन कोसांवर पोर्तुगालचं निशाण पाहावं लागलं.

ते निशाण उतरवायचा एक प्रयत्न याच किल्ल्यावर झाला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या तुकडीने तेरेखोलवर तिरंगा लावला. दुसऱ्या वर्षी त्याच तारखेला गोव्याच्या सगळ्या सीमांवरून हजारो निःशस्त्र सत्याग्रही आत शिरले, आणि पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. बांद्याजवळ पत्रादेवीला पंजाबातून आलेले कर्नैलसिंग पडले. तेरेखोलला हिरवे गुरुजी आणि शेषनाथ वाडेकर. वीसहून अधिक माणसं त्या एका दिवसात गेली. भारताने सरहद्द बंद केली, आगगाडी थांबवली, आणि खाडीच्या दोन काठांवरची सोयरीक सहा वर्षं तुटल्यासारखी झाली. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोलीच्या रानातून चोरटं रेडिओ केंद्र चालवायला सुरुवात केली ती याच १९५५ मध्ये.

हे आधी सांगायचं कारण असं की डिसेंबर १९६१ च्या लष्करी कारवाईची गोष्ट आपल्याकडे फार पटकन सांगितली जाते. सैन्य गेलं, दोन दिवसांत गोवा मुक्त झाला, ४५१ वर्षांची सत्ता संपली. दोनच दिवस का लागले, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. भारताची ताकद प्रचंड होती हे अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं उत्तर हरलेल्या बाजूकडे आहे. तिथे एका सेनानीने शेवटची लढाई लढायची नाही असं ठरवलं, आणि त्याची किंमत त्याने पुढे तेरा वर्षं मोजली.

मानुएल आंतोनियो वास्सालो ई सिल्वा हे गोव्याचे शेवटचे गव्हर्नर जनरल. १९५८ च्या अखेरीस ते पणजीत आले. पेशाने लष्करी अभियंता, स्वभाव बांधकामाचा. त्यांची थोरली बहीण मारिया लामास ही पोर्तुगालातली नावाजलेली लेखिका, आणि सालाझारच्या हुकूमशाहीला विरोध केल्यामुळे तुरुंगात जाऊन आलेली. भाऊ त्याच राजवटीचा जनरल. ते आले तेव्हा गोव्यात पोर्तुगालचं बऱ्यापैकी मोठं सैन्य होतं. पण १९६१ च्या सुरुवातीला अंगोलात बंड पेटलं आणि लिस्बनला आफ्रिकेची चिंता पडली. गोव्यातली फौज कमी होत होत चार हजारांच्या आसपास आली, त्यातले आठशेच्या वर शिपाई स्थानिक भरतीचे. पोलीस आणि जकात पहारेकरी वेगळे. लढाऊ विमान एकही नाही. विमानवेधी तोफा थोड्या, आणि त्याही जुनाट. आरमारात एक जुनी युद्धनौका आणि तीन छोट्या गस्ती नौका. त्या तीनही गोवा, दमण आणि दीव अशा वाटलेल्या.

एवढ्या बळावर जी योजना आखली होती तिचं नाव ‘सेंतिनेला’. सीमेवरच्या तुकड्यांनी शत्रूला अडवत, उशीर लावत मागे सरकायचं; पूल उडवायचे, रस्त्यांत सुरुंग पेरायचे; आणि शेवटी सगळ्यांनी मुरगाव बंदराजवळ एकत्र येऊन शेवटची झुंज द्यायची. पोर्तुगालहून आरमार येईपर्यंत बंदर धरून ठेवायचं. कागदावर योजना ठीक वाटते. प्रत्यक्षात सुरुंग पुरेसे नव्हते, तुकड्यांना एकमेकींशी बोलायला वायरलेस संच पुरेसे नव्हते, आणि येणारं आरमार कुठेच नव्हतं. जुन्या तहाची आठवण देऊन सालाझारने ब्रिटनकडे मदत मागितली. ब्रिटनने हात झटकले.

नोव्हेंबरमध्ये कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून पोर्तुगीजांनी ‘साबरमती’ या भारतीय जहाजावर गोळीबार केला, आणि आठवड्याभरात मच्छीमारांच्या होड्यांवर. एक मच्छीमार मेला. चौदा वर्षं सबुरीने घेणाऱ्या दिल्लीचा निर्णय त्यानंतर पक्का झाला. बेळगावला मेजर जनरल के. पी. कँडेथ यांची १७ वी डिव्हिजन जमली. तिला जोडून ब्रिगेडियर सगतसिंग यांची ५० वी पॅराशूट ब्रिगेड आली. दक्षिण विभागाचे प्रमुख होते लेफ्टनंट जनरल जे. एन. चौधरी. हवाई कारवाईची सूत्रं एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्याकडे होती. हे पिंटो मूळचे गोंयकार घराण्यातले.

१४ डिसेंबरला सालाझारचा संदेश पणजीत पोहोचला. त्याचा आशय असा की तह नको, कैदी नकोत, शरण गेलेलं जहाज नको; शिपाई आणि खलाशी एक तर विजयी व्हावेत, नाही तर मरावेत. किमान आठ दिवस टिकाव धरण्याची अपेक्षा त्यात होती. आठ दिवसांत जगात ओरड करता येईल असा लिस्बनचा हिशेब होता. चार हजार माणसांच्या मरणावर उभा केलेला हा हिशेब मांडणारा माणूस स्वतः कधीही गोव्यात आला नव्हता.

वास्सालो ई सिल्वांनी पहिली अवज्ञा लढाई सुरू होण्याआधीच केली. ९ डिसेंबरला तिमोरहून लिस्बनला परतणारं ‘इंडिया’ नावाचं प्रवासी जहाज मुरगावला लागलं. युरोपियन नागरिकांना जाऊ देऊ नये असा लिस्बनचा आदेश होता. गव्हर्नर जनरलनी सुमारे ७०० जणांना, बहुतेक बायका-मुलांना, त्यावर चढू दिलं. जहाजाची सोय जेमतेम ३८० प्रवाशांची. दुसरी अवज्ञा याहून मोठी होती. जे सोडावं लागेल ते जाळून, पाडून सोडा असा हुकूम होता, आणि त्यात पणजीच्या आणि जुन्या गोव्याच्या वास्तूही येत होत्या. त्यांनी त्या वास्तूंना हात लावू दिला नाही. आज बॉम जेझूच्या देवळात नाताळात आपण जातो, पणजीत मांडवीच्या काठी आदिलशहाचा जुना वाडा पाहतो, त्यामागे या एका नकाराचाही वाटा आहे.

१८ डिसेंबरच्या पहाटे सगळीकडून एकदम सुरुवात झाली. पुण्याहून उडालेल्या १२ कॅनबेरा विमानांनी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. विमानतळाच्या इमारती आणि उभी असलेली दोन प्रवासी विमानं मुद्दाम वगळली. (त्या रात्री धावपट्टीचा उरलेला तुकडा वापरून ती दोन्ही विमानं कराचीला निसटली.) बेळगावच्या सांबऱ्याहून आलेल्या हंटर विमानांनी बांबोळीचं वायरलेस केंद्र उडवलं. गोव्याचं लिस्बनशी बोलणं बंद पडलं. पुढचे दोन दिवस सालाझारचा नवा हुकूम येणं कठीण झालं, आणि याचा परिणाम शेवटच्या रात्री दिसणार होता.

उत्तरेकडून, म्हणजे आपल्या दोडामार्गच्या बाजूने, पॅराशूट ब्रिगेड आत शिरली. खरं तर मूळ बेतात या ब्रिगेडचं काम दुय्यम होतं. मुख्य चाल पूर्वेकडून, अनमोड-मोलेच्या रस्त्याने ६३ व्या ब्रिगेडने करायची होती. पण सगतसिंग थांबणाऱ्यांपैकी नव्हते. त्यांचे तीन जथे तीन वाटांनी निघाले: दुसरी पॅरा, म्हणजे मराठा पलटण, उसगावमार्गे फोंड्याकडे, पहिली पॅरा, पंजाबी, बाणस्तारीकडे, आणि पश्चिमेचा जथा, दुसरी शीख लाइट इन्फंट्री रणगाड्यांसह, थिवीवरून बेतीकडे. पोर्तुगीजांनी पहाटेच डिचोली, शापोरा आणि अस्नोड्याचे पूल उडवून दिले होते. पूल तुटले, तरी संध्याकाळपर्यंत पश्चिमेचा जथा मांडवीच्या अलीकडच्या काठावर बेतीला पोहोचला. समोर पणजी. नदी ओलांडायची परवानगी सकाळपर्यंत मिळाली नाही.

सीमेवरच्या पोर्तुगीज तुकड्या ठरल्याप्रमाणे मागे हटत होत्या. त्यांत भेदरट कोणी नव्हतं. त्यांना तसाच हुकूम होता. पण अडवत मागे हटायला जो वेळ लागतो तो त्यांना मिळालाच नाही. वायरलेस नसल्यामुळे एका तुकडीला दुसरी कुठे आहे याचा पत्ता नव्हता. रयत तर त्यांच्या बाजूने नव्हतीच. गावोगाव लोक रस्त्यावर येऊन भारतीय जवानांना वाट दाखवत होते. ज्या सैन्याखालची जमीन त्याची नाही, त्याला आठ दिवस टिकवणारी कोणती योजना असणार?

त्या दिवसाची खरी झुंज समुद्रात झाली. मुरगाव बंदरात पोर्तुगीजांची एकमेव युद्धनौका नांगर टाकून होती, ‘आफोन्सो द अल्बुकर्क’. १५१० मध्ये ज्याने गोवा जिंकला त्याचं नाव. बांधणी १९३० च्या दशकातली, तोफा चार, आणि त्यांचा मारा संथ. समोर भारताच्या नव्या, वेगवान फ्रिगेट ‘बेतवा’ आणि ‘बियास’. दुपारी १२ च्या सुमारास या दोन्ही बंदराच्या तोंडाशी आल्या आणि मोर्सच्या संकेताने शरण येण्याचा संदेश देत त्यांनी तोफा डागल्या. ‘अल्बुकर्क’चे कप्तान आरागांव यांनी नांगर उचलला आणि जहाज उघड्यावर काढलं.

बंदरातल्या इतर जहाजांच्या गर्दीत अडकून मरण्यापेक्षा लढत मरावं असं त्यांना वाटलं असणार. सव्वाबाराच्या सुमारास त्यांच्या तोफांचं नियंत्रण कक्ष फुटलं. पुढच्या दहा मिनिटांत जहाजावर तोफगोळा फुटून वायरलेस अधिकारी मेला आणि स्वतः कप्तान गंभीर जखमी झाले. सूत्रं दुय्यम अधिकाऱ्याकडे गेली. इंजिनाला मार बसला होता. अखेर जहाज वळवून बांबोळीच्या किनाऱ्यावर वाळूत चढवलं गेलं. कोणी पांढरं निशाण चढवलं, तर ते वाऱ्याने काठीभोवती गुंडाळलं गेलं आणि भारतीय नौकांना दिसलं नाही; त्यामुळे मारा काही वेळ चालूच राहिला. तोवर त्या जुन्या तोफांनी सुमारे ४०० गोळे डागले होते. एकच्या पुढे खलाशांनी जहाज सोडलं. पाच जण कायमचे गेले.

‘बेतवा’चे कमांडर रुसी गांधी नंतर पणजीच्या इस्पितळात आरागांव यांना भेटायला गेले. हे आपल्या आरमाराचं वागणं मला मोलाचं वाटतं. समोरच्या माणसाने हरणारी लढाई पत्करली, पण ती लपून लढला नाही, हे ‘बेतवा’वरच्या खलाशांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्याच दिवशी अंजदीववर उतरलेल्या भारतीय नौसैनिकांवर पांढरं निशाण दिसत असताना गोळ्या सुटल्या आणि आपले सात जण गेले. दीवला ‘वेगा’ ही इवलीशी गस्ती नौका विमानांच्या माऱ्याखाली बुडाली; तिचा तरुण अधिकारी ऑलिव्हेरा ई कार्मो तिच्यावरच मेला. दमणला लेफ्टनंट कर्नल भोसले यांच्या पहिल्या मराठा पलटणीने दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ला घेतला. आणि पणजीसमोर, आग्वादच्या किल्ल्यात, जिथे गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक कैदेत होते, तिथे सातव्या कॅव्हलरीचे मेजर शिवदेवसिंग सिद्धू आणि कॅप्टन विनोद सेहगल गोळीबारात ठार झाले. पोर्तुगीज शरण येत आहेत अशा समजुतीने ते पुढे गेले होते. आग्वादला आज पर्यटक सूर्यास्त पाहायला जातात. सिद्धूंचं नाव त्यांतल्या किती जणांना माहीत असतं?

१९ डिसेंबरच्या सकाळी पणजीत सैन्य शिरलं तेव्हा शहर सोडून दिलेलं होतं. सगतसिंगांनी जवानांना लोखंडी शिरस्त्राणं काढून पॅराच्या गर्द तांबड्या टोप्या घालायला सांगितलं. लोकांच्या मनात सैन्य शिरतंय ही धास्ती राहू नये म्हणून. त्या दिवशी विमानातून ध्वनिक्षेपकावर गोवा मुक्त झाल्याची घोषणा करत फिरले ते आंबोलीच्या रानातून रेडिओ चालवणारे वामन सरदेसाई आणि लिबिया लोबोच.

आता उरलं होतं दक्षिण गोवा आणि मुरगाव. पूर्वेकडून आलेली ६३ वी ब्रिगेड दुपारी मडगावात पोहोचली. तिथून वास्कोकडे जाताना वेर्णे गावाजवळ सुमारे ५०० पोर्तुगीज शिपायांच्या तुकडीने वाट अडवली. शीख आणि बिहारी पलटणी विरुद्ध ही तुकडी अशी ही चकमक जोरात झाली. दुपारी साडेतीनच्या सुमारास पोर्तुगीजांनी शस्त्रं खाली ठेवली. जमिनीवरची शेवटची खरी लढाई ती हीच. ऑगस्ट-सप्टेंबरात भातशेतीने हिरवंगार असणारं वेर्णे हे गाव इतिहासाच्या पुस्तकात या कारणाने क्वचितच येतं.

यानंतरचे पाच तास मला या सगळ्या कहाणीत सर्वांत महत्त्वाचे वाटतात. वास्कोच्या तोंडाशी आल्पार्केरूशच्या लष्करी तळावर दोन हजारांवर पोर्तुगीज सैनिक गोळा झाले होते. ‘सेंतिनेला’ योजनेत जे शेवटचं पान होतं, ते हेच. मागे समुद्र, बाजूला बंदर, आणि पुढून भारतीय ब्रिगेड चालून येणारी. लिस्बनची आज्ञा अजून कायम होती. वास्कोत, मुरगावात सामान्य माणसं राहत होती. बंदराचे हमाल, कोळी, गावकरी. तिथे घरोघर लढाई झाली असती तर आपले जवान, पोर्तुगीज शिपाई आणि गोंयकार यांच्या मृतांचा आकडा किती झाला असता? भारताची तोफांची आणि विमानांची ताकद पाहता हजारांनी मोजावं लागलं असतं, असं मला वाटतं.

वास्सालो ई सिल्वांनी दारूगोळा मोजला, धान्य मोजलं, समोरच्या फौजेचा अंदाज घेतला. येणारं आरमार नाही हे त्यांना ठाऊक होतं. आणि त्यांनी शरण जायचं ठरवलं. १९ डिसेंबर १९६१, रात्री साडेआठ वाजता, मोटारगाड्यांच्या दिव्यांच्या उजेडात ब्रिगेडियर के. एस. ढिल्लन यांच्यासमोर त्यांनी शरणपत्रावर सही केली. ४५१ वर्षांची सत्ता अशी संपली.

काही लोक म्हणतात, त्यात विशेष काय? ज्याच्याकडे पर्यायच नाही तो शरण जाणारच. मला हे पटत नाही. पर्याय होता, आणि तो हुकमाच्या रूपात त्यांच्या हाती दिलेला होता. तो पाळणं त्यांना सोपं गेलं असतं. मायदेशी वीर म्हणून पुतळा उभा राहिला असता. इतिहासात अशा कितीतरी फौजा आहेत ज्या हरल्यावरही केवळ दूरच्या राज्यकर्त्याच्या मानासाठी शेवटच्या माणसापर्यंत लढवल्या गेल्या, आणि ज्या गावांत त्या लढल्या ती गावं बेचिराख झाली. वास्सालो ई सिल्वांच्या कारकिर्दीत स्वातंत्र्यसैनिक आग्वादच्या कोठड्यांत सडत होते हे मी विसरत नाही. मोहन रानडे तर गोवा मुक्त झाल्यावरही १९६९ पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगात होते. राजवट जुलमी होती आणि हा माणूस तिचा सेवक होता. पण त्या एका रात्री त्याने जे केलं ते योग्य केलं, आणि त्यामुळे वाचलेल्यांत आपलीही माणसं होती.

दोन दिवसांत भारताचे २२ जण ठार झाले, पोर्तुगालचे ३०. साडेचार हजारांहून अधिक पोर्तुगीज कैदी झाले. सुरक्षा परिषदेत पाश्चात्त्य देशांनी भारताविरुद्ध ठराव आणला; तो सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरून पाडला. लिस्बनने आपल्याच कैद्यांना परत न्यायला दिरंगाई केली. मे १९६२ मध्ये ते सुटून मायदेशी उतरले तेव्हा त्यांच्या स्वागताला लष्करी पोलीस होते. सालाझारला मेलेले वीर हवे होते. जिवंत परतलेले शिपाई त्याला नकोसे झाले. वास्सालो ई सिल्वांची चौकशी झाली आणि १९६३ मध्ये त्यांना सैन्यातून हाकलण्यात आलं. १९७४ च्या एप्रिलमध्ये लिस्बनमध्ये हुकूमशाही कोसळली तेव्हा त्यांचा हुद्दा त्यांना परत मिळाला, आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व तहाने मान्य केलं. १९८० मध्ये वास्सालो ई सिल्वा गोव्यात आले. गोंयकारांनी त्यांचं आपुलकीने स्वागत केलं.

दरवर्षी १९ डिसेंबरला पणजीत संचलन होतं, ते होवोच. पण शिरोड्याच्या, रेडीच्या, आरोंद्याच्या शाळांना माझी विनंती आहे की त्या दिवशी मुलांना तेरेखोलला न्या. बस थेट किल्ल्यापर्यंत जाते, नदी ओलांडावी लागत नाही. तिथे हिरवे गुरुजी आणि वाडेकर यांची नावं मुलांना वाचायला लावा, सिद्धू आणि सेहगल कोण होते ते सांगा, आणि मुरगावला त्या रात्री लढाई का झाली नाही हेही सांगा.